सश्वान वन्यजीव-निरीक्षण : एक चिकित्सा

‘सश्वान वन्यजीव-निरीक्षण’ ही संज्ञा मराठीत अद्याप रूढ झालेली नाही, आणि तिच्यातील दोन पदांचे जन्मजात वैर लक्षात घेता ती पुढे रूढ होईल अशी चिन्हेही नाहीत. सश्वान म्हणजे कुत्र्यासह, आणि वन्यजीव-निरीक्षण म्हणजे रानातले पशुपक्षी त्यांच्या नकळत, शांतपणे व पुरेसे अंतर राखून पाहणे. तेव्हा नकळत, शांतपणे आणि अंतर राखून यांपैकी एकही गोष्ट ज्याला जन्मात जमलेली नाही असा प्राणी सोबत घेऊन हा उद्योग करणे म्हणजे तर्कशास्त्राच्या भाषेत वदतोव्याघात, म्हणजे बोलता बोलता स्वतःचेच बोलणे खोडून काढणे, होय. तरीही गेल्या काही वर्षांत शहरी मराठी कुटुंबातील कुत्रा ‘राखणदार’ या पदावरून ‘धाकटे अपत्य’ या पदावर बढती पावला असल्यामुळे त्याला मागे ठेवून सहलीला जाणे हे क्रौर्य, आणि त्याला सोबत नेणे हे प्रेम, असा एक समज पक्का झाला आहे. या समजाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू असून त्यासाठी प्रस्तुत लेखकाने गुढीपाडव्याच्या आठवड्यात केलेला पुणे ते कोकणातील वेळास हा प्रवास आधाराला घेतला आहे.

कुत्र्यासह केलेल्या डोंगरयात्रेची भारतीय वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध नोंद महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात सापडते. पाच पांडव, द्रौपदी आणि एक कुत्रा असा सात जणांचा संघ हिमालयाकडे निघतो, वाटेत एकेक सदस्य कोसळत जातो आणि शेवटी संघनायक व कुत्रा एवढेच उरतात. या कथेचे तात्पर्य कीर्तनकार सांगतच आले आहेत. परंतु प्रवासशास्त्राच्या अंगाने पाहिले तर ‘पाळीव प्राण्यांस प्रवेश नाही’ या नियमावरून दारात झालेली आद्य हुज्जत प्रत्यक्ष इंद्राशी झाली आहे, ही गोष्ट अधिक महत्त्वाची ठरते. युधिष्ठिराचा कुत्रा ऐन वेळी यमधर्म निघाला म्हणून तो प्रश्न सुटला. सर्वसाधारण कुत्र्यांच्या बाबतीत ऐन वेळी निघते ते पोट, आणि त्यामुळे कोकणातील निवासव्यवस्थेची चौकशी फोनवरून करताना युधिष्ठिराहून अधिक संयम लागतो. एका ठिकाणी तर “कुत्रा चालेल हो, पण शाकाहारी आहे ना?” असे विचारण्यात आले, आणि त्याला खोटे उत्तर देताना लेखकाला यत्किंचितही अपराधी वाटले नाही.

प्रवासाचा काळ वसंताचा होता, याविषयीही थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. पंचांगाप्रमाणे चैत्र व वैशाख मिळून वसंत होतो, आणि संस्कृत कवींनी त्यात आम्रमंजिरी, कोकीळ व मलयगिरीचा मंद वारा यांची कायमची सोय करून ठेवली आहे. सह्याद्रीतला वसंत मात्र निम्मा पानगळीचा असतो. पळस, पांगारा आणि काटेसावर ही झाडे आधी अंगावरची पाने उतरवतात आणि मग उघड्या फांद्यांवर लाल-केशरी फुले मिरवतात, कारण ही फुले पक्ष्यांकरवी परागीभवन करून घेतात आणि गिऱ्हाईक दुरून यायचे असेल तर दुकानाची पाटी पानाआड ठेवून चालत नाही. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर अशी सारी मंडळी तिथे मधासाठी गर्दी करतात. कुसुंबाची गंमत वेगळीच आहे: त्याची कोवळी पालवीच इतकी लाल असते की नवखा माणूस ती फुले समजून छायाचित्रे काढतो, आणि जाणकार त्याला दुरुस्त करण्यात धन्यता मानतो. थोडक्यात, झाडे उघडी असल्यामुळे पक्षी दिसण्याला हा ऋतू उत्तम असतो; परंतु गळालेली सर्व पाने वाळून पायवाटेवर पडलेली असल्यामुळे ते पाहायला जाणाऱ्याचा आवाज होण्यालाही तो तितकाच उत्तम असतो. वाळक्या सागाच्या पानावर माणसाचे पाऊल पडले की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. चार पायांचा, उत्साही, वीस किलो वजनाचा प्राणी त्याच पानांतून दौडत गेला की एखाद्या लग्नाच्या पंक्तीत सगळ्यांनी एकदम पापड मोडल्याचा भास होतो.

या प्राण्याचे नाव खंड्या. तो रस्त्यावरून घरात आलेला असून पूर्वी ज्याला गावठी म्हणत आणि आता त्याच किमतीत ‘इंडी’ म्हणतात त्या जातीचा आहे. नाव ठेवतेवेळी लेखकाच्या डोळ्यांसमोर जेजुरीचा खंडोबा होता. मराठीत खंड्या हे एका पक्ष्याचेही नाव आहे, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही, आणि लक्षात आले असते तरी पुढे कधी पक्षिनिरीक्षक मेव्हण्यांसोबत प्रवास घडेल ही शक्यता त्या सुखाच्या दिवसांत गृहीत धरण्याचे कारण नव्हते.

मुळशी धरणाच्या पाण्याकाठी, ताम्हिणी घाटाच्या अलीकडे, हा नामसाधर्म्याचा दोष प्रथम उघडकीस आला. मेव्हणे गेला पाऊण तास एका वठलेल्या फांदीवर दुर्बीण लावून बसले होते. लेखकाची पत्नी थर्मासमधला चहा ओतत होती. आणि खंड्या, म्हणजे कुत्रा, आयुष्यात प्रथमच काही न करता गाडीच्या सावलीत पडून होता. इतक्यात तांबूस डोक्याचा, पांढऱ्या छातीचा आणि विजेसारख्या निळ्या पाठीचा एक पक्षी फांदीवर येऊन बसला आणि मेव्हण्यांनी, आवाज अगदी दाबून पण आनंद न दाबता, “खंड्या!” असे उद्गार काढले. हाकेला ओ देणे हा कुत्र्याचा धर्म होय. त्याने गाडीखालून झेप घेतली, वाटेत चहाचे दोन पेले आडवे केले, मेव्हण्यांच्या मांडीवर पुढचे दोन्ही पाय रोवले आणि दुर्बिणीची पुढची काच चाटून साफ केली. पक्षी पाण्यावरून निळी रेघ ओढत निघून गेला. “दाजी,” मेव्हणे काच पुसत म्हणाले, “याचं नाव बदला, नाहीतर मी पक्ष्याचं बदलतो.” त्यानंतरच्या संपूर्ण प्रवासात ते त्या पक्ष्याचा उल्लेख ‘धीवर’ या संस्कृत शब्दाने करीत होते, आणि पत्नी त्यांना “अरे, साधं बोल ना” असे वारंवार सांगत होती.

घाटातील वळणे आणि कुत्र्याचे जठर यांच्या संबंधावर विस्ताराने लिहिता येईल, पण वाचकाची वेळ जेवणाची असू शकते. एवढेच सांगणे पुरेसे आहे की प्रवासाच्या आधी चार तास कुत्र्याला पोटभर खायला घालू नये हा पशुवैद्यांचा सल्ला शास्त्रशुद्ध आहे, आणि “उपाशी कसं न्यायचं बिचाऱ्याला” हे घरातील मत शास्त्रशुद्ध नाही.

ताम्हिणीचा बराचसा परिसर २०१३ पासून अभयारण्य आहे, आणि अभयारण्य म्हणजे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ अन्वये घोषित केलेले असे क्षेत्र की जिथे रानातल्या प्राण्याची सोय आधी व पाहुण्याची नंतर पाहिली जाते. अशा ठिकाणी कुत्रा नेऊ नये, यामागे केवळ भुंकण्याची तक्रार नसते. कुत्र्यांना होणारा ‘कॅनाइन डिस्टेंपर’ नावाचा विषाणुजन्य आजार वन्य मांसाहारी प्राण्यांनाही होतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश या रोगाच्या साथीत दगावले, आणि २०१८ मध्ये गीरच्या सिंहांच्या मृत्यूंतही त्याचा हात आढळला. कुत्र्याचे लसीकरण केल्याने हा धोका कमी होतो. पण त्याचे नुसते अस्तित्वही पुरेसे उपद्रवी असते. २००७ मध्ये सिडनीजवळच्या वनांत झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की दोरीला बांधलेला कुत्रा पायवाटेवरून फिरवून नेला, तर तेथे दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जातींत ३५ टक्के आणि पक्ष्यांच्या संख्येत ४१ टक्के घट होते. हे आकडे मेव्हण्यांना तोंडपाठ असून ते त्यांनी घाटाच्या प्रत्येक वळणावर म्हणून दाखवले.

म्हणून पदभ्रमण अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या एका पायवाटेवर करण्यात आले. वन्यजीव-निरीक्षण म्हणजे नेमके काय, याविषयीची लेखकाची कल्पना बदलली ती याच वाटेवर. माणसांचा गट डोळे वर करून चालला होता. कुठे तांबट पक्ष्याची ठोक्यासारखी टुक टुक, कुठे पावश्याची चढत जाणारी हाक कानी पडत होती, आणि दिसत मात्र काही नव्हते, कारण पुढे पापड मोडत जाणारा घोषक सर्वांना आधीच सूचना देत होता. खंड्या मात्र नाक जमिनीला लावून, दर चार पावलांवर थांबून, अत्यंत गंभीरपणे काहीतरी वाचत होता. वाचत होता हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींच्या पुढे असतात. शिवाय त्याच्या टाळूच्या वर गंधासाठी आणखी एक वेगळे इंद्रिय असते. रात्री त्या वाटेने कोण गेले, किती वेळापूर्वी गेले, नर होता की मादी, यांतले बरेचसे त्या नाकाला तिथल्या तिथे कळते. गटातल्या तिघा सुशिक्षित माणसांच्या दृष्टीने जी रिकामी वाट होती, ती त्याच्या दृष्टीने भरगच्च वर्तमानपत्र होती, आणि मालक मात्र दोरी ओढून “चल, काही नाहीये तिथे” असे अडाण्याच्या आत्मविश्वासाने सांगत होता.

असाच एका दगडावर त्याने पाय रोवला आणि हलेना. मेव्हणे वाकले, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. दगडावर फळांच्या बिया खच्चून भरलेली विष्ठा पडलेली होती. ती उदमांजराची, म्हणजे रात्री फिरणाऱ्या आणि फळांवर ताव मारणाऱ्या लांब शेपटीच्या त्या प्राण्याची असून पुरती वाळलेलीही नव्हती. झाडांच्या बिया दूरवर पेरण्याचे काम हा प्राणी नकळत करतो, असे सांगत मेव्हण्यांनी खिशातून पट्टी काढून मोजमाप सुरू केले, आणि खंड्याकडे प्रथमच सहकारी संशोधकाला शोभेल अशा आदराने पाहिले. हा आदर सुमारे अर्धा मिनिट टिकला. पट्टी लावलेली असतानाच संशोधकाने मान तिरकी केली, खांदा टेकवला आणि त्या नमुन्यावर पाठीवर पडून, चारही पाय आकाशाकडे करून, मनसोक्त लोळण घेतली. कुत्रे असे का लोळतात याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. स्वतःचा वास लपवावा म्हणून, की मिळालेली बातमी अंगावर लिहून घरच्यांना नेऊन द्यावी म्हणून, असे दोन्ही तर्क केले जातात. वेळासपर्यंतच्या पुढच्या तीन तासांत, चैत्राच्या उन्हात, सर्व खिडक्या उघड्या टाकून केलेल्या प्रवासानंतर, लेखक दुसऱ्या तर्काच्या बाजूचा झाला आहे. बातमी सर्वांपर्यंत पोहोचली.

याच संदर्भात एक गंभीर गोष्ट सांगून टाकणे इष्ट. कुत्रा स्वतःला निरीक्षक समजत असला तरी रानाच्या हिशेबात त्याची नोंद वेगळ्या रकान्यात होते. अकोले तालुक्यातील उसाच्या पट्ट्यात बिबट्यांच्या आहाराचा जो अभ्यास झाला, त्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. हा तपशील मेव्हण्यांनी संध्याकाळी उशिरा, एका सुनसान वळणावर, कुत्रा लघुशंकेसाठी उतरला असताना सांगितला, आणि त्यानंतर लेखकाच्या पत्नीने त्या प्राण्यास उचलून आणण्यात जी चपळाई दाखवली तिला बिबट्यासुद्धा दाद देता.

मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. पुण्याहून ते सुमारे २०० किलोमीटरवर असून त्याला हल्लीची प्रसिद्धी मात्र पेशवाईमुळे मिळालेली नाही, ती मिळाली आहे कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे हिवाळ्यात रात्रीच्या वेळी या किनाऱ्यावर येतात, वाळूत हातभर खोल खड्डा करून त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि मागे वळूनही न पाहता समुद्रात निघून जातात. पुढचे दीड-दोन महिने अंडी उबवण्याचे काम सूर्य करतो, आणि वाळू किती तापली यावरून पिल्ले नर होणार की माद्या हेही ठरते. उष्णता जास्त झाली की माद्या अधिक. पूर्वी या अंड्यांची चोरी होत असे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने घरटी राखायला सुरुवात केली, आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. गावातले कासवमित्र पहाटे किनारा धुंडाळतात, सापडलेली अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरतात, पिल्ले निघण्याच्या सुमारास त्यांवर टोपली झाकतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उघडून पाहतात. गावकरी पाहुण्यांना घरी उतरवून घेतात, आणि ज्या गावात अंडी खाल्ली जात त्याच गावाचे चार पैसे आता अंडी न खाण्यातून सुटतात.

ही सारी माहिती लेखकाने निघण्यापूर्वी वाचली होती. सागरी कासवाच्या घरट्याचा जमिनीवरचा एक मोठा शत्रू कोण, हे त्याच माहितीत पुढच्या ओळीत होते आणि तेवढे वाचायचे राहून गेले होते. कोल्हे, खेकडे, घारी यांच्या जोडीने तेथे कुत्र्याचे नाव असते. वीस कोटी पेशींचे जे नाक घाटात उदमांजर शोधते, ते हातभर वाळूखालची अंडी न शोधेल असे मानण्यास आधार नाही. गाडी अंगणात उभी राहताच घरच्या आजोबांनी अडकित्ता थांबवून खिडकीतून बाहेर आलेल्या तोंडाकडे पाहिले आणि पुरावे न मागता निकाल दिला. “कुत्रं आणलंत होय? ऱ्हावं दे. पण किनाऱ्यावर न्यायचं नाही हां. त्या माडाला बांधा.” मग वाऱ्याची दिशा बदलली, आणि त्यांनी “जरा लांबच्या माडाला” अशी दुरुस्ती केली.

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या आत बाणकोटचा किल्ला पाहण्यात आला. सावित्री नदी समुद्राला मिळते तिथला हा जांभ्या दगडाचा, छोटा पण ऐटदार किल्ला असून त्याला मराठ्यांनी हिम्मतगड आणि अठराव्या शतकात इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया अशी नावे दिली. व्हिक्टोरिया राणीचा जन्म १८१९ चा असल्यामुळे या नावाशी तिचा काही संबंध नाही, हे मेव्हण्यांनी कोणी विचारलेले नसताना सांगितले. चढ असा नाहीच. तरीही नऊ वाजता जांभा तापू लागला आणि खंड्या एकेक पाय आळीपाळीने उचलू लागला, कारण कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ केवळ तळव्यांना, बाकीची सारी उष्णता त्याला धापा टाकून, जीभ बाहेर काढून घालवावी लागते. आपला हात उलटा करून दगडावर किंवा डांबरावर सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्यावर कुत्र्याला चालवू नये, हा साधा नियम आहे. लेखकाने हात ठेवला, चार सेकंदांत उचलला, आणि वीस किलोंचा संशोधक खांद्यावर घेऊन किल्ला उतरला. खाली टपरीवर बसलेल्या बाईंनी “पायाला लागलं का हो त्याच्या?” असे कळवळून विचारले. लेखकाच्या कमरेची चौकशी कोणी केली नाही.

दुपारी जेवणाच्या वेळी संत नामदेवांच्या चरित्रातील प्रसंगाची अंशतः पुनरावृत्ती झाली. कुत्र्याने कोरडी पोळी पळवली म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले होते. येथे खंड्याने यजमानांच्या घरच्या काकूंच्या ताटातला तळलेला बांगडा पळवला आणि लेखक दोरी घेऊन धावला. शाकाहाराविषयी दिलेल्या ग्वाहीचे जे व्हायचे ते तिथे झाले.

कासवांच्या बाबतीत आळीपाळीचा करार ठरला होता. कुत्र्याला अनोळखी गावात एकटे बांधून ठेवले की तो रडतो, आणि तो रडला की वाडीतले सर्व कुत्रे त्याला साथ देतात. म्हणून संध्याकाळी पत्नी व मेव्हणे यांनी किनाऱ्यावर जावे आणि लेखकाने माडाखाली बसावे, सकाळी याच्या उलट. त्याप्रमाणे सहा वाजता मंडळी सुरूच्या बनातून गेली. लेखक माडाखाली बसला. खाऱ्या वाऱ्याची एक झुळूक आली आणि खंड्या उठला, समुद्राकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याच्या काळ्या ओल्या नाकपुड्यांच्या कडा, दोन्ही बाजूंच्या त्या बारीक चिरा, भराभर हलू लागल्या. तो भुंकला नाही. पंधरा मिनिटे तो तसाच उभा होता, आणि जे काही किनाऱ्यावर चालले होते ते त्याला किती कळत होते हे सांगण्याचे साधन लेखकापाशी नव्हते. काळोख पडता पडता मंडळी परतली ती भारावलेल्या चेहऱ्यांनी. टोपली उचलल्यावर अकरा पिल्ले निघाली होती, प्रत्येक तळहातावर मावेल एवढे. पाहुण्यांसाठी आडव्या बांधलेल्या दोरीच्या अलीकडे शंभरेक माणसे श्वास रोखून उभी होती. आणि पिल्ले वाळूवर नक्षी उमटवीत, लाटेने दोनदा मागे ढकलली जाऊनही, निघून गेली. मेव्हण्यांच्या डोळ्यांत पाणी होते. पत्नी म्हणाली, “अहो, उद्या सकाळी तुम्ही बघाच.”

सकाळी सात वाजता लेखक दोरीपाशी सर्वांत पुढे उभा होता. कासवमित्राने एकेक करून सर्व टोपल्या उचलल्या, आत पाहिले, आणि पुन्हा ठेवल्या. एकही पिल्लू निघालेले नव्हते. घरटे केव्हा फुटावे हे वाळूच्या उष्णतेवर ठरते, करारावर नाही.

ज्यांना फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वेळासला जायचे असेल त्यांनी अवश्य जावे, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवावा, दोरीच्या अलीकडे राहावे आणि कुत्रा घरी, प्रेमळ शेजाऱ्यांकडे, ठेवून जावे. प्रस्तुत लेखकाने कासवाचे पिल्लू आजतागायत पाहिलेले नाही. खंड्यानेही पाहिलेले नाही, आणि कासवांच्या दृष्टीने या दोहोंपैकी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.